बायेच्या खिंडीतले भेरले माड

खोलगाळू गावात शिरण्याआधी जी खिंड लागते, तिला बायेची खिंड म्हणतात. बाय म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण. पलीकडे भर दुपारीही ऊन पोहोचत नाही असं रान आहे, आणि त्यात हे भेरले माड. पानं माशाच्या शेपटीसारखी, वरून लोंबणाऱ्या फुलांच्या जटा. तुम्ही शहरातली माणसं ही झावळं लग्नाच्या मांडवाला बांधता आणि दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर टाकता. आम्ही त्याच्या काळ्या केसराचे दोर वळतो, पोकळ खोडातून मळ्याला पाणी नेतो आणि गाभ्याच्या पिठाची पेज करतो. ही पेज मात्र आम्हाला एका मेलेल्या बाईने शिकवली, असे सांगतात.

फार पूर्वी इथे भानू नावाचा शेतकरी होता. द्वारकी ही त्याची थोरली बहीण. विधवा होऊन माहेरी आली आणि आईवेगळ्या भानूला तिनेच वाढवलं. एकदा पावसाच्या बेगमीची लाकडं आणायला ती नदीपलीकडे गेली, तिथे पाय मोडून पडली, आणि नदी फुगली. त्या पावसाळ्यात कोणालाच पलीकडे जाता आलं नाही.

इकडे भानूचं लग्न ठरलेलं. घरातलं माणूस बेपत्ता असताना मांडव कसा घालायचा, असं मुलीकडचे म्हणू लागले. बारा वर्षं वाट बघावी असं शास्त्र सांगतं. भानूला पाऊस सरेपर्यंतही धीर निघाला नाही. दर्भाचा पुतळा करून त्याने बहिणीला अग्नी दिला, दिवस घातले. पिंडाला कावळाही शिवला म्हणे. कावळ्याचं काय, त्याला भाताशी मतलब.

नदी उतरली आणि द्वारकी लंगडत खिंडीत आली. पडलेल्या माडाचा गाभा रानडुकरं खाताना बघून ती तेच खाऊन जगली होती. पण गावाने तिला तिथेच अडवलं. ज्याचे दिवस घातले त्याला घरात घ्यायचं नाही, त्याचं तोंड बघायचं नाही, त्याला हाक मारायची नाही, असा रिवाज. भानूही त्या माणसांत मान खाली घालून उभा होता. ती मागे फिरली आणि माडांखाली खोपी बांधून राहिली.

पुढे एका साली पाऊसच आला नाही. कणग्या रित्या झाल्या. भानूचं तान्हं भुकेने रडायचं ते खिंडीपर्यंत ऐकू जायचं. तेव्हा द्वारकीने पिठाचं गाठोडं खिंडीत आणून ठेवलं. भानू ते न्यायला आला, पण पाठमोरा चालत. त्याच्या पाठीकडे बघत ती म्हणाली, "तुरो येवच्या आधीचो माड तोड. गाभो कुट, व्हाळाच्या पाण्यात धू. तळाक बसता ता पीठ." मग म्हणाली, "आता येकदा माका हाक मार. जेवूक ये, इतक्याच म्हण."

"गेलेल्याक हाक मारूक नाय," भानू म्हणाला, आणि गाठोडं उचलून गेला.

असा तो येत राहिला. ती दर खेपेला तेवढंच मागायची आणि तो दर खेपेला तेच उत्तर द्यायचा. गाव त्या पिठावर तगला.

पुढच्या साली भात पिकलं. नव्या तांदळाचा भात घेऊन भानू खिंडीत आला आणि या वेळी तोंड रानाकडे करून उभा राहिला. "बाये, घराक चल. जेवूक ये गो," त्याने हाक मारली. पुन्हा पुन्हा मारली. शेवटी तो खोपीत गेला. चूल विझलेली होती. चुलीसमोर दोन पानं मांडलेली होती, आणि एका पानापाशी द्वारकी बसल्याजागी गेली होती. तिचे दिवस घालायलाही त्याला मिळालं नाही. एका माणसाचे दिवस दोनदा घालत नाहीत.

आजही खोलगाळूत माडाची पेज शिजली की घरातल्या पुरुषाने दारात जाऊन रानाकडे तोंड करून हाक मारायची असते. मारून लगेच आत वळायचं नाही, वाट बघायची. पेज निवते, म्हणून आमच्याकडे ती गार खातात. माझ्या घरात आता मी एकटाच आहे. पोरं शहरात, बायको देवाघरी. तरी मी दारात जातो, हाक मारतो आणि थांबतो. फार एकटं वाटतं तेव्हा. हाक कोणाला मारतोय, ते मी स्वतःला विचारत नाही.