न घासलेली धूपदाणी

खारवेळच्या देवीपुढं ती काळी धूपदाणी दिसते ना, झाकणावर सिंह बसलेली? हात लावा, नमस्कार करा, पण पदरानं पुसू नका बायांनो. का ते सांगते, बसा.

खारवेळ बंदरात एक होता सखोबा तांबट, एक होती त्याची बायको येसू, नि एक होता त्यांच्या ओटीवर तापानं पडलेला चिनी खलाशी, लीन. येसूला मूलबाळ नव्हतं. तिनं पेज पाजून त्याला उठवलं. जहाज निघालं तेव्हा तो ही वडिलांची धूपदाणी नि धूप ठेवायची नक्षीदार डबी तिच्या हवाली करून गेला. "जहाज जुनं आहे, आई. परत येईस्तोवर सांभाळ." धूप घातला की सिंहाच्या तोंडातून धूर निघायचा, म्हणे.

पुढल्या साली जहाज दिसलं. येसूची धांदल उडाली. सखोबा म्हणाला, "तांबटाच्या घरात असलं कळकट भांडं? पाहुणा हसेल की!" दोघांनी चिंच नि राख लावून धूपदाणी अशी घासली, की सोन्यासारखी झाली.

लीन आला नि बघतच राहिला. "आई, तो काळा रंग आजोबांच्या धुराचा होता. वडिलांच्या धुराचा होता. आम्ही तो कधी काढत नाही." रागावला असता तर बरं झालं असतं. डबी तेवढी उचलून निघून गेला.

येसूनं धूपदाणी देवीपुढं ठेवली नि बोलली, "ही काळी होईस्तोवर माझ्या घरातलं भांडं चिंचेनं उजळणार नाही."

तांबटाच्या घरात काळी भांडी! पाणवठ्यावर बाया हसत, "काय गं तांबटणी, नवरा कोळसे विकतो काय?" येसू मात्र रोज तिन्हीसांजेला धूप घालायची. हळूहळू हसणाऱ्याही चिमूट चिमूट धूप आणू लागल्या. येसूचे केस पांढरे झाले, तेव्हा कुठं सिंह काळा झाला.

असं सांगतात, मग लीन आला. धूपदाणी मांडीवर घेऊन हुंगली. "यात आता तुझाही धूर आहे, आई. ही इथंच राहू दे." नि जपलेली डबी त्यानं शेजारी ठेवली.

आजही दिवाळीला खारवेळची सारी भांडी उजळतात, एवढी एक सोडून. नवी सून धुपाची पहिली चिमूट हिच्यातच घालते.

लीन परत आला त्या दिवशी मात्र येसूनं चिंच भिजवली. घरात लेक जेवायला बसला होता, नि ताटं अशी लखलखत होती, की सखोबाला दिवा लावावा लागला नाही.