पलीकडून न आलेली हाक

तुर्कस्तानच्या पूर्वेला, डोंगरांच्या आत, एक नदी आहे. तिचं पाणी इतकं काळं की भर दुपारीही त्यात स्वतःचं तोंड दिसत नाही. ही गोष्ट तिच्यावर पूल नव्हता तेव्हाची, फार वर्षांपूर्वीची. आज ती सांगणाऱ्यांपैकी कुणीच तेव्हा जन्मलेलं नव्हतं.

नदीकाठी चिनारली नावाचं गाव होतं. वरच्या आळीत आर्मेनियन राहायचे, तिथे त्यांचं चर्च. खालच्या आळीत तुर्क, तिथे त्यांची मशीद. कचेरीत तंटा गेला की तुर्काच्या शब्दाला वजन जास्त, हे दोन्ही आळ्यांना ठाऊक होतं. तरी लग्नकार्याला एकीची भांडी दुसरीत जायची, आणि झरा दोघींचा एकच होता.

त्या गावात होवसेप नावाचा आर्मेनियन नावाडी होता. त्याच्याजवळ नाव नव्हती, तराफा होता. बकऱ्याच्या कातड्याच्या चाळीस मशका, त्यांवर बांधलेल्या फळ्या. रोज सकाळी होवसेप त्या मशका तोंडाने फुगवायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. तोंडात सदा बडीशेप, म्हणून सगळ्या तराफ्याला बडीशेपेचा वास यायचा. त्याने फुगवलेली मशक कधी बुडाली नाही, असं म्हणतात.

त्याचा जोडीदार होता दुर्सून, खालच्या आळीतला तुर्क. दुर्सून जन्मला तेव्हा त्याच्या आईला दूध नव्हतं. होवसेपची आई सिरवार्द हिने एका बाजूला आपला वर्षाचा मुलगा घेतला आणि दुसऱ्या बाजूला हा. तिकडे एका अंगावर प्यायलेली मुलं सख्खी धरतात. दुर्सून तिला आईच म्हणायचा, आणि होवसेपला आबी, म्हणजे दादा.

"चाळीस मशका भरेल एवढा दम आहे तुझ्यात, आबी," दुर्सून म्हणायचा, "आणि बायकोपुढे तोंडातून शब्द फुटत नाही."

"तिच्यासाठी दम राखून ठेवावा लागतो, गाढवा. नदी तिच्यापेक्षा गरीब आहे."

नदीवर सकाळी धुकं एवढं दाट की पलीकडचा काठ दिसायचाच नाही. म्हणून दोन्ही काठांवरून दोर लावलेला. होवसेप माणसांबरोबर पलीकडे जायचा, दुर्सून अलीकडे थांबायचा. तराफा टेकला, शेवटचं माणूस कोरड्या जमिनीवर उतरलं, की होवसेप हाक द्यायचा, "पोचले!" मग दुर्सून रिकामा तराफा ओढून घ्यायचा आणि पुढची माणसं चढायची, त्यांना होवसेप पलीकडून ओढून घ्यायचा. हाक आल्याशिवाय कुणी चढायचं नाही. लहान पोरसुद्धा नाही.

मग मोठ्या युद्धाचं वर्ष आलं. राजधानीतून हुकूम निघाला, आर्मेनियनांनी घरंदारं सोडावीत आणि दक्षिणेच्या वाळवंटाकडे चालू लागावं. त्याआधीच वरच्या आळीतले बहुतेक तरणे पुरुष सरकारी कामाच्या नावाखाली नेले होते, ते परतले नव्हते. नावाडी लागतो म्हणून होवसेप तेवढा राहिला होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर, एका सकाळी, हवालदार शिपाई घेऊन आला. वरची आळी गाठोडी घेऊन काठावर उभी राहिली. म्हातारे, बायका, पोरं. खालची आळी दारं लावून आत बसली. सिरवार्दने घराला कुलूप लावून किल्ली गळ्यात बांधली होती.

"पलीकडे काय आहे?" होवसेपने विचारलं.

"गाड्या आहेत," हवालदार म्हणाला. "बसून जातील तुझी माणसं."

होवसेप दुर्सूनच्या कानाशी आला. "मी बघतो. आईला पहिल्या फेरीत घेत नाही. हाक ऐकलीस तरच तिला चढव."

"आणि नाही ऐकली तर?"

होवसेपने वीस माणसं घेतली आणि तराफा धुक्यात शिरला. दोर सरकत राहिला. मग थांबला.

दुर्सून कान लावून उभा होता. पाण्याचा आवाज, पोरांची रडारड, कुणाचा तरी खोकला. हाक आली नाही. एकदा त्याला पक्ष्यासारखं काहीतरी ऐकू आलं. पण त्या वेळी धुक्यात पक्षी बोलत नाहीत.

हवालदाराने बंदुकीचा दस्ता त्याच्या पाठीला लावला. "ऐकलंस ना?"

सगळी आळी दुर्सूनकडे बघत होती. सिरवार्द पुढे आली. "दुर्सून, आला का रे आवाज?"

आता इथे लोक थांबतात आणि म्हणतात, तो बंदुकीला भ्याला. नाही. हाक आली नाही म्हणजे आबी नाही, एवढं साधं ते होतं, आणि ते त्याला मनातसुद्धा म्हणवेना. वाऱ्याने हाक खाल्ली असेल. आबीचा घसा बसला असेल. तो आबी आहे, त्याला काय होणार! आणि तो पटकन बोलून गेला.

"आला, आई. पोचले."

सिरवार्दने त्याच्या गालावर हात फिरवला. त्याने रिकामा तराफा ओढून घेतला आणि ती चढली. तिच्यामागे एकोणीस जण चढले.

पलीकडून दोर ओढला जाऊ लागला, तेव्हा दुर्सूनच्या तळहातांना कळलं. होवसेप तीनदा ओढायचा आणि श्वासभर थांबायचा. हे हात हिसके देत होते. कळलं, आणि तरी त्याने दोर अडवला नाही. सिरवार्दची पाठ धुक्यात दिसेनाशी झाली.

याही वेळी हाक नव्हती. तराफा परत आला, रिकामा. फळ्या धुतल्यासारख्या स्वच्छ, ओल्या. वर एक गाठोडंही नाही, उतरताना सांडलेला दाणाही नाही. कडेची एक मशक मात्र सैल झाली होती, तिची दोरी सुटत आली होती. हवालदार ओरडला, "फुगव ती!"

दुर्सून गुडघ्यांवर बसला. दोरी सोडली आणि मशकीच्या तोंडाला तोंड लावलं. त्याने फुंकर घालायच्या आधीच मशकीने घातली. आतला श्वास त्याच्या तोंडात शिरला, ऊन, बडीशेपेच्या वासाचा, आणि छातीत उतरला. आणि त्याच्या स्वतःच्या छातीतून, सिरवार्दच्या आर्मेनियन भाषेत, त्याला आबीचा आवाज ऐकू आला, "दुर्सून, मी हाक दिली नव्हती."

बाकीच्या एकोणचाळीस मशका तेव्हा श्वास घेतल्यासारख्या वर-खाली होत होत्या, असं म्हणतात.

दुर्सून उठला. कमरेचा सुरा काढला, दोन्ही बाजूंचे दोर कापले. तराफा प्रवाहात फिरला आणि गेला. मग तो असा ओरडला की खालच्या आळीतली लावलेली दारं हलली.

"पोचले नाहीत! पळा! कुणी पोचलं नाही!"

आळी धुक्यात फुटली. बायका पोरं काखेत मारून डोंगराकडे पळाल्या. शिपाई धुक्यावरच गोळ्या झाडत राहिले. किती वाचले? कुणी सात सांगतं, कुणी तीस. पहिल्या दोन फेऱ्यांतलं कुणीच नाही. दस्त्याच्या घावांनी दुर्सूनचा जबडा मोडला, आणि मेला समजून त्याला तिथेच टाकून शिपाई गेले.

तो जगला. ते त्याला हवं होतं असं नाही.

पुढे वरच्या आळीतल्या घरांत दुसरी माणसं राहायला आली. चर्चमध्ये कडबा भरला. साहेब लोक यायचे, वहीत लिहायचे, विचारायचे, "इथली माणसं कुठे गेली?" गाव म्हणायचं, "दक्षिणेला गेली, साहेब. सुखरूप पोचली. घरं बांधून राहिली म्हणे." मग मागून, मोडक्या जबड्यातून आवाज यायचा, "पोचले नाहीत."

"ए म्हाताऱ्या, तुझ्या जिभेला दुसरं काही येतं का?" लोक चिडायचे. त्याला दुकानात उभं करीनात, मशिदीत त्याच्या शेजारी कुणी बसेना. त्याच्या बायकोने पाया पडून विनवलं, "एकदा म्हण ना पोचले. तुझं काय जातं?"

"एकदा म्हटलंय," दुर्सून म्हणाला.

दुर्सून मेल्यावर आपली सुटका झाली, असं गावाला वाटलं. पण त्या उन्हाळ्यात एक साहेब आला, त्याने तेच विचारलं, आणि पाटलाने तोंड उघडलं, "सुख..." आणि पुढचा शब्द येईना. तोंड उघडंच राहिलं. आतून बडीशेपेचा वास आला. शेजारच्याने सांगायचा प्रयत्न केला, त्याचंही तसंच. मग एक म्हातारी, जिने त्या दिवशी दार लावून घेतलं होतं, ती उठली आणि रडत म्हणाली, "पोचले नाहीत, साहेब." तेव्हा कुठे सगळ्यांना श्वास घेता आला.

चिनारलीत आजही, कुणी गावाला गेलं तर त्याच्या वतीनं दुसरा कुणी 'पोचला' म्हणत नाही. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, एका सकाळी, गावातली चूल पेटत नाही. वरच्या आळीतल्या घरांत आता राहणारे तुर्क काठावर येतात. दूरदेशाहून कधी त्या सात किंवा तीस जणांची नातवंडं-पतवंडं येतात, तीही त्यांच्यात उभी राहतात. याला होवसेपची सकाळ म्हणतात. त्या सकाळी कुणी हाक द्यायची नाही, कुणी प्रार्थनाही म्हणायची नाही. धुकं उठेपर्यंत पलीकडे कान लावून उभं राहायचं.

एखाद्या वर्षी कुणाला राहवत नाही. नवी सून असते, नाहीतर पाहुणा. इतकी माणसं इतका वेळ उभी असलेली बघून त्याचा जीव कळवळतो आणि तो म्हणतो, "आला! मला ऐकू आला आवाज!" कुणी रागावत नाही. शेजारचं माणूस त्याचा हात धरतं आणि हळूच विचारतं, "खरंच?"

तो मान खाली घालतो. आणि सगळे पुन्हा ऐकू लागतात.