दोन हात कमी

"मग टाकी आणखी रुंद करू का, बाबा?" सिदोजीनं विचारलं.

लतीफबाबा अंगणात पाण्याच्या कातडी पखालीला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सिदोजी या फकिराचा शिष्य. जमिनीखालून खापरी नळांनी पाणी नेण्याची विद्या तो त्यांच्याकडेच शिकला. पोरगा हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

टेकडीवरच्या त्याच्या वस्तीत पाणी नव्हतं. घागर घेऊन चढताना त्याची बहीण भागू पायऱ्यांवरून पडली आणि कायमची लंगडी झाली. वस्तीच्या हौदात नळानं पाणी पडेपर्यंत डोक्याला पागोटं बांधणार नाही, अशी त्यानं त्या दिवशी शपथ घेतली.

समोरच्या डोंगरात झरा होता. त्याच्याखाली माळावर सिदोजीनं भलीथोरली टाकी बांधली. दर्शनी दगडावर स्वतःचं नाव कोरायला तो विसरला नाही. तिथून नळ दरीत उतरवले आणि टेकडीवर चढवले.

पाणी काही हौदापर्यंत पोचेना.

"एकदा दुप्पट करून झाली," सिदोजी म्हणाला. "एवढं पाणी मागून रेटतंय, तरी चढत का नाही?"

"किती रेटतंय?"

"हजार पखाली तरी असेल."

"पाणी किती आहे, ते नाही विचारलं..."

बाबांनी दुसरी एक धड पखाल अर्धी भरून जमिनीवर आडवी टाकली. तिच्या तोंडात एक उंच पोकळ बांबू उभा करून दोरीनं करकचून बांधला. पखालीवर फळी ठेवली.

"बस."

सिदोजी बसला. बाबा ओट्यावर चढले आणि बांबूच्या वरच्या तोंडातून लोटाभर पाणी ओतलं. पखाल फुगली. फळीसकट सिदोजी उचलला गेला, बोटभर का होईना.

"कुणी उचललं तुला?"

"पाण्यानं."

"टाकीभर?"

"...लोटाभर."

सिदोजी बांबूच्या टोकाकडे बघत राहिला. मग उठला आणि पातळी बघायची पाणसळ घेऊन माळावर गेला. टाकीच्या काठावर ती ठेवून त्यानं समोरच्या टेकडीवर नजर लावली.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"आता सांग. किती रेटते तुझी टाकी?"

"हौदाला हवं त्याच्यापेक्षा दोन हात कमी. टाकीचा काठच हौदाच्या खाली आहे. झरा हौदाहून चांगला उंच आहे, बाबा. पण तिथं जागा अरुंद. मोठी टाकी मावेना, म्हणून मी खाली माळावर आलो."

"तिथं काय मावेल?"

"एखादा रांजण."

"रांजण पुरे."

"मग ही टाकी फोडावी लागेल. मधे राहिली तर वरचा रेटा हिच्यातच संपेल. लोक हसतील."

"हसतील..."

समोरच्या टेकडीच्या पायऱ्यांवर एक बाई डोक्यावर घागर घेऊन चढत होती. एका पायानं लंगडत होती. सिदोजीनं तिच्याकडे पाहिलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि मग ती लाजही त्यानं बाजूला सारली.

त्यानं कोपऱ्यातली पहार उचलली.

"आजच फोडतो. नळ झऱ्यापर्यंत वर नेतो."

अंगणाच्या दारापर्यंत जाऊन तो थबकला.

"बाबा... आणि तो नावाचा दगड?"

बाबांनी पुन्हा सुई हातात घेतली होती.

"झऱ्याच्या वाटेवर पायरीला लाव. वर जाताना तेवढीच वीतभर उंची."