शेंदूर फासलेली साण

पणज्याच्या पणज्याला विचारलं असतं, तर त्यानंही “ते माझ्या आधीचं बरं का!” म्हटलं असतं, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट.

डोंगराच्या कुशीत एक भात पिकवणारं गाव होतं. गावात एक साण होती, म्हणजे धार लावायचं दगडी चाक. एकानं दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं विळा टेकवायचा, आणि चाक खालच्या डोणीतल्या पाण्यात भिजत फिरायचं. गाव वसवणाऱ्यांनीच ती घडवली होती.

गावच्या पाटलाला एकदा वाटलं, “एवढी पूर्वजांची वस्तू, आणि आपण ती झिजवतोय! छे छे!” झालं! साण तिच्या लाकडी चौकटीसकट चौथऱ्यावर चढली. डोणी कोरडी पडली. चाकाला तेल-शेंदूर लागला, नारळ फुटू लागले. लोक विळे उंबऱ्यावर घासून वेळ भागवू लागले.

त्या गावात भिवरा नावाची बाई होती. एकटा जीव, एकच शेत, पण बाई मोठी खमकी. त्या वर्षी तिचं भात सोन्यासारखं पिकलं. कापायला गेली, तर बोथट विळा कापेना, नुसता ओढी. हिसका बसला की दाणे चिखलात. तिकडे डोंगरामागं आभाळ काळं झालेलं. पाऊस पडला असता, तर वर्षभराचं अन्न मातीत गेलं असतं.

पण भिवरा रडत बसली नाही. विळा, राख, वाळू आणि कढत पाण्याचा हंडा घेऊन ती थेट चौथऱ्यावर चढली आणि शेंदूर खरवडू लागली.

पाटील धावत आला. “अगं ए भिवरे! देवावर विळा घासणार तू? हात झडतील तुझे!”

“पाटील, आपल्या वाडवडलांनी याच चाकावर कुऱ्हाडी घासल्या,” भिवरा हात न थांबवता म्हणाली. “त्यांचे हात झडले असते, तर हे गाव कुणी वसवलं असतं?”

शेंदूर निघाला, पण चाक पुरतं तेलकट झालेलं. विळा त्यावरून नुसता घसरत होता. ते खरबरीत दगडानं खरडायला हवं होतं, आणि तोवर कुणीतरी दांडा फिरवायला हवा होता. माणसं भोवती जमली होती, पण पुढं कोण येणार?

“सरका बाजूला!” पाटलीणबाईंनी पदर खोचला. “आमचंही भात गळतंय. मी फिरवते.”

“अहो, तुम्ही?” पाटील म्हणाला.

“मग तुम्ही फिरवता?”

पाटील बाजूला सरला.

चाक फिरलं. तेलकट थर निघाला, आतला ताजा दगड उघडा पडला. डोणीत पाणी ओतलं आणि भिवरानं विळा टेकवला. खर्र खर्र आवाज आला. तिनं धारेवरून अलगद अंगठा फिरवला आणि खुदकन हसली. “आली बाई! आली धार!”

मग काय विचारता! विळ्यांची रांग लागली. भिवराचं शेत दुपार कलायच्या आत मोकळं झालं, तशी ती दुसऱ्यांच्या शेतात उतरली. पाऊस कोसळला तेव्हा गावाचं भात घराघरांत पोचलं होतं. फक्त कोपाच्या भीतीनं जे विळा घेऊन आलेच नाहीत, त्यांचं पीक उभ्या जागी कुजलं. देव मात्र कुणावर रागावला नाही. त्यानंतर पाटील स्वतः डोणीत पाणी ओतू लागला.

तात्पर्य: पूर्वजांच्या वस्तूचा खरा मान ती पुजून ठेवण्यात नाही, तिच्याकडून काम करून घेण्यात आहे.