कैतानच्या होडीतलं माणूस

कोरजू बेटाला पूल नव्हता, वीज नव्हती, माझ्या आजीची आजीसुद्धा अजून पाळण्यात होती, तेव्हाची ही गोष्ट. ऐका. आणि मध्येच "मग पुढं काय?" म्हणून टोकू नका. मलाच अजून ह्या गोष्टीचा शेवट नीट लागत नाही.

कोरजू म्हणजे हे आपलंच बेट. चारी बाजूंनी खाडी, मधे मिठागरं, विहिरींना मचूळ पाणी. देऊळ मात्र पलीकडच्या काठावर. आपण चर्चला देऊळ म्हणतो हे शहरातनं आलेल्या नातवंडांनी लक्षात ठेवावं. बाप्तिस्मा तिकडे, लग्न तिकडे, आणि मेल्यावर पुरायची जागाही तिकडेच. माणूस जन्मलं की होडीत, गेलं की होडीत. ती होडी होती कैतानची.

कैतान कसा होता? कोणी म्हणतं ताडासारखा उंच, कोणी म्हणतं नुसती हाडं. बोलायचा कमी, एवढं मात्र सगळे सांगतात. बायको बाळंतपणातच गेली होती. मागं एकच मुलगी, फिलू. फिलू बापासाठी काठावर भाकरी घेऊन बसायची आणि होडी दिसली की उगाच हात हलवायची, दिवसातून कितीदा तरी.

तेव्हा खाडीवर एक रीत होती. मयत घेऊन होडी निघाली की जाळं टाकणारे, मीठ ओढणारे, सगळे हातातलं काम थांबवायचे आणि ओरडून विचारायचे, "कोणाचं माणूस?" कैतान घराचं नाव सांगायचा. "मिंगेलचं." "पास्कूचं." मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, घराचं घ्यायचं. ऐकणारा छातीवर क्रूस काढायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

मग एका वर्षी, ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात, बेटावर पटकी आली. ओकाऱ्या, जुलाब आणि घशाला अशी कोरड की घागर प्यायली तरी भागू नये. सकाळी अंगण झाडणारी बाई दिवस मावळायच्या आत होडीत असायची. पलीकडच्या लोकांनी ठरवलं, बेटावरच्या कोणी इकडे पाय ठेवायचा नाही. मयत आणि कैतान तेवढे यावेत. भ्यायले होते बिचारे. आपण तरी काय वेगळं केलं असतं?

प्रत्येक फेरीत कोणी ना कोणी कैतानला कारण सांगायचं. पलीकडच्या काठावरचा मुकादम बस्त्याव म्हणाला, "उपासाच्या दिवसांत ताडी प्यायलात, नाचलात. ही त्याची शिक्षा." कैतान म्हणाला, "मिंगेलचं तान्हं कधी नाचलं?" पाद्रीबाबा म्हणाला, "ईयोबाची पोरं, गुरं सगळं नेऊन देवानं परीक्षा घेतली होती, तशी ही आपली परीक्षा." कैतान म्हणाला, "पास होणारा जगतो का नापास होणारा?" पाद्रीबाबा चांगला माणूस होता. तो म्हणाला, "मला ठाऊक नाही, कैतान." बेटावरची झाबूमाय, सगळ्यात म्हातारी बाई, ती म्हणाली, "देवाला चांगली माणसं आवडतात, म्हणून लवकर नेतो." कैतानला वाटलं, मग आपल्याला ठेवलंय ते काय म्हणून? सगळी कारणं होडीत भरून तो वल्हवायचा आणि पलीकडे पोचेपर्यंत एकही कारण उरायचं नाही, असं म्हणतात.

आणि शुभ शुक्रवारच्या सकाळी फिलू आजारी पडली.

आता ऐका. शुभ शुक्रवारी देवळाची घंटा वाजत नाही. दुपारी उपासना झाली की क्रुसावरचा येशू खाली उतरवतात. लाकडी आहे, फणसाच्या लाकडाचा, खांद्यांना बिजागऱ्या आहेत, म्हणजे हात मिटून अंगाशी येतात. मयतासारखा त्याला तिरडीवर निजवतात आणि लोक पायांचं चुंबन घेतात. त्या वर्षी बेटावरच्यांना बंदी होती. कैतानला सांगितलं होतं, सगळे गेले की तू एकटा ये.

तो आला तेव्हा देवळात कोणी नव्हतं. तो पायांपाशी वाकला, पण त्यानं चुंबन घेतलं नाही. तो म्हणाला, "सगळे तुझ्या वतीनं बोलतात. तू स्वतः चल आणि बघ. माझी फिलू बरी कर, मग तुला परत आणून ठेवतो." आणि त्यानं येशूला खांद्यावर घेतलं, होडीत निजवलं, वर पांढरी चादर घातली. ही चोरी होती का प्रार्थना, ह्यावर आपल्याकडे अजून भांडणं होतात. मला विचाराल तर दोन्ही.

एकट्यानं खांद्यावर घ्यावी एवढीच ती मूर्ती. पण होडी काठोकाठ पाण्यात बसली, असं म्हणतात. जणू सगळं बेट एकदम होडीत चढलं होतं. कैतानच्या हाताचे फोड फुटले, वल्हं लाल झालं.

इकडे काठावर झाबूमाय उभी होती. तिनं पाहिलं, होडी देवळाकडनं येतेय आणि आत चादरीखाली माणूस आहे. मयत जाताना पाहिलेलं, परत येताना कधी कोणी पाहिलं नव्हतं. मयताला वाजते ती घंटा तर त्या दिवशी मुकीच, त्यामुळं काही कळायला मार्ग नाही. तिला वाटलं, स्मशान भरलं, आपल्यातलं कोणीतरी परत पाठवलं. तिनं हाक दिली, "कोणाचं माणूस रे?"

कैताननं तोंड उघडलं. कुठल्या घराचं नाव सांगणार? तो म्हणाला, "आपलंच."

झाबूमाय हंबरडा फोडत घराघरात गेली. ज्यांना उठवत होतं ते सगळे आले. कैतान सांगायचा प्रयत्न करत होता, पण रडारडीत कोण ऐकतंय? बायकांनी ते माणूस चादरीसकट फिलूच्याच ओटीवर ठेवलं, कारण ते घर काठाला लागून. पुरुष आंघोळीचं पाणी घेऊन आले. आपल्याकडे मयताला रडल्याशिवाय चादर काढत नाहीत, म्हणून आधी पोटभर रडले. स्वतःचे जे गेले होते त्यांना रडायला वेळच मिळाला नव्हता, ते सगळं त्या एका चादरीवर रडून घेतलं. मग झाबूमायनं चादर काढली.

खाली देवळातला येशू.

मिंगेलची बायको म्हणाली, "हा तर मेलेला. मेलेला देव आपल्याला काय उपयोगाचा?"

झाबूमायनं पदर खोचला. मग म्हणाली, "आणलाय तर आंघोळ घाला." आणि त्यांनी घातली. लाकडाला, पण घातली. जखमांवरनं हळूच हात फिरवत घातली. खाली सांडलेलं पाणी खारट होतं, असं म्हणतात. आता आपल्या विहिरीचं पाणी खारटच, त्यामुळं तो चमत्कार होता का नुसतं पाणी, देव जाणे.

फिलू आत खाटेवर होती. तिनं पडल्या पडल्या विचारलं, "बा, कोण आलंय?" कैताननं तिला उचलून ओटीवर आणलं, येशूच्या शेजारी निजवलं. तो मनात म्हणत होता, आता बघितलंस ना? आता कर.

फिलूनं शेजारी मान वळवली. लाकडाचे ते सुकलेले ओठ तिनं पाहिले. तिच्या उशाशी गोड्या पाण्याचा पेला होता, बापानं पलीकडनं आणलेला, तिला घोटाघोटानं द्यायचा म्हणून जपलेला. तिनं तो घेतला आणि म्हणाली, "बा, ह्याला पण तहान लागलीय." आणि अर्धा पेला त्याच्या ओठांवर ओतला. मग उरलेला स्वतः प्यायली.

इथं काही जण सांगतात, लाकडाच्या घशातनं घोट उतरल्याचा आवाज आला. काही सांगतात, तो आवाज कैतानच्या रडण्याचा.

एवढ्यात पाद्रीबाबा आला. होडी नव्हती, म्हणून ओहोटीच्या चिखलातनं चालत आला, कमरेपर्यंत काळा झालेला. देवळात मूर्ती दिसली नाही, म्हणून रागावूनच निघाला होता. पण ओटीवर त्या दोघांना शेजारी शेजारी निजलेलं पाहिलं, आणि तसाच चिखलानं माखलेला खाली बसला. कोणी त्याला कारण विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. सगळे नुसते बसून राहिले.

दिवस मावळायच्या आत फिलू गेली.

हो, गेली. खोटं कशाला सांगू? काही घरांत सांगतात ती बरी झाली, म्हातारी होऊन मेली. मला तसं सांगायला फार आवडलं असतं. पण माझ्या आजीच्या आजीनं सांगितलं ते असं, की ती गेली. आणि दुसऱ्या दिवसापासून पटकी उतरली, एकही नवं माणूस पडलं नाही. मग एक दिवस आधी का नाही उतरली? मला विचारू नका. मी आयुष्यभर विचारतेय, माझ्या पदरात काही पडलं नाही.

कैताननं दोघांना एकाच होडीत घेतलं, एकाच चादरीखाली. आणि ह्या वेळी होडी हलकी होती, असं म्हणतात. ते मला अजिबात कळत नाही. जाताना जड, येताना रिकामी म्हणून हलकी असती तर समजलं असतं. पोटची पोर होडीत असताना ती हलकी कशी होईल? पण सगळे हेच सांगतात. पलीकडच्या काठावर, बंदी विसरून, माणसं पाण्यात उतरली होती. बस्त्याव छातीएवढ्या पाण्यात उभा होता. त्यानंच विचारलं, "कोणाचं माणूस?"

कैतान म्हणाला, "आपलीच. दोन्ही."

त्यानंतर कैताननं देवाला माफ केलं की नाही, कोणाला माहीत नाही. त्यानं मूर्ती जागेवर ठेवली, हे खरं. त्यानं मरेपर्यंत होडी चालवली, हेही खरं.

आता पूल आहे, रिक्षा येते. तरी शुभ शुक्रवारी येशू आपल्याकडे होडीनंच येतो. त्या वर्षात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराच्या ओटीवर त्याला आधी निजवतात आणि ते घर त्याच्या ओठांना पाणी लावतं, गोडं पाणी, अर्धा पेला. उरलेलं स्वतः पितं. आणि आपल्या बेटावर दुःखाच्या घरी जाऊन कोणी कारण सांगत नाही. कोणी "देवाची इच्छा" म्हणायला लागलं की म्हातारे म्हणतात, "जा बाबा, होडी ओढायला हात लाव." बसायचं असेल तर गप्प बसायचं.

काठावर उभं राहून विचारायचं काम बेटावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं. आता ती मी. गेल्या वर्षी माझा धाकटा मुलगा इग्नास गेला, माझ्या आधी, चाळिशीही न गाठलेला. शुभ शुक्रवारी येशूची होडी आली, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला विचारायचंच नव्हतं. मला भांडायचं होतं. होडी काठाला लागून तशीच थांबली, कोणी उतरलं नाही, कोणी घाई केली नाही. शेवटी कसंबसं म्हटलं, "कोणाचं माणूस?"

होडीतले सगळे माझ्याकडे बघून म्हणाले, "आपलंच, माय."

मग ते त्याला उचलून माझ्या ओटीवर घेऊन आले.