आराखड्यात नसलेली ठकू

ठकूबाईला सकाळी मुदपाकखान्यात भाकरी मिळाली नाही. आचारी म्हणाला, तू आराखड्यात नाहीस.

उदयभान राजाने राजवाड्याचा कारभार सॉफ्टवेअरवर चालवायचं मनावर घेतलं होतं. दरबारच्या त्र्यंबकशास्त्र्यांनी आधी त्याचा आराखडा मांडला. प्रत्येक खात्याला एक चौकट, कोणी कोणाशी व्यवहार करायचा त्याचे बाण आणि एका खुणेचा एकच अर्थ. राजा इतका खूश झाला की त्याने दवंडीच पिटवली : आराखड्यात नाही ते राजवाड्यात नाही.

ठकू सगळ्याच दालनांत केर काढायची. ती कुठल्याच एका चौकटीत बसेना, म्हणून शास्त्रीबुवांनी तिला गाळूनच टाकलं.

ती राजाकडे गेली. राजाने मिशीला पीळ भरला. "आराखड्यात एक रेघही न वाढवता तू आहेस हे सिद्ध कर. दुपारपर्यंत जमलं नाही, तर राजवाडा सोडायचा."

ठकूच्या पोटात कावळे ओरडत होते. तिने भिंतीवरचा आराखडा नीट पाहिला आणि मुकाट्याने केर काढायला लागली.

दुपारी पंगत मांडली गेली. राजा हात धुऊन येतो तर त्याच्या पाटावर ठकू! पुरी श्रीखंडात बुडवून सावकाश खात होती.

"धरा हिला," राजा ओरडला.

पहारेकऱ्यांचा नाईक अदबीने म्हणाला, "कोणाला, महाराज? आमच्याकडून चोराकडे बाण आहे, शत्रूकडे आहे. केरवालीकडे नाही."

राजाने शास्त्र्यांकडे पाहिलं. त्यांनी आराखड्यावरून बोट फिरवलं आणि पाट रिकामा असल्याचं सांगितलं.

"आणि माझं ताट?"

"आराखड्याप्रमाणे भरलेलंच आहे, महाराज. बसावं."

"अहो, ही बाई माझ्या डोळ्यांदेखत माझ्या पुऱ्या खातेय!"

ठकूने बोटं पुसली. "महाराज, रेघ एकही वाढली नाही. आणि मी आहे, हे तुम्हीच भर पंगतीत सांगितलंत."

राजा असा हसला की पगडी आमटीत पडली. त्याने ठकूला पैठणी दिली आणि विचारलं, तुझी चौकट कुठे काढू?

चौकट नको, मुदपाकखान्यातून माझ्याकडे एक बाण तेवढा द्या, असं ती म्हणाली.

राजाने तो स्वतःच्या हाताने काढला. इतका जाड काढला, की शास्त्रीबुवांची चौकट त्याखाली झाकून गेली.