कासारणीचं स्वयंपाकघर

फार फार जुन्या काळची गोष्ट. लहानांनी ऐकावीच, पण मोठ्यांनीही कान इकडे द्यावा, कारण यातली चूक मोठ्यांचीच आहे.

एका गावात एक कासार राहत होता. सकाळी पाठीवर बांगड्यांचं ओझं घेऊन निघायचा, गावोगावच्या बायकांना बांगड्या भरायचा आणि दिवेलागणीला घरी यायचा. आला की गरम भाकरी ताटात हजर. ती कशी होते, हे त्याने तीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. पण कासारणीवर त्याचा फार जीव, हे सगळं गाव जाणत होतं.

एकदा कासारीण भाचीच्या लग्नाला महिनाभर माहेरी गेली. कासाराच्या मनात आलं, 'हिचा जन्म त्या काळ्या, कोंदट खोलीत गेला. ती यायच्या आत सगळं नवं करून टाकू. किती हरखेल!'

त्याने आधी गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. म्हाताऱ्याने आत नजर फिरवली. मधोमध छपराला आधार देणारी लाकडी मेढ, तिच्याशेजारी जमिनीवरची चूल, भिंतींवर काजळी.

"करतो की," तो म्हणाला. "पण वहिनी आल्यावर. इथे बसून त्यांच्या हातचं दोन वेळा जेवेन, त्या कशा वावरतात ते बघेन, मगच कुदळ लावेन. माझी रीतच आहे तशी."

'रीत कसली, फुकट जेवायचं निमित्त!' कासार मनात म्हणाला. वर म्हणाला, "अहो, तिला नकळत करायचंय. तिला काय हवं ते मला ठाऊक नाही का?"

"कासारदादा, हात न बघता तुम्ही बांगडी भरता का?" म्हातारा हसला आणि निघून गेला.

मग शेजारच्या गावचा गवंडी आला. त्याच्या जिभेवर साखर होती. "सावकाराच्या घराहून झकास करून देतो! ही मेढ काढू, वर नवी तुळई घालू. कशी मोकळी जागा होते बघा." आणि खरंच, वीस दिवसांत भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या, चुलीला गेरूचा रंग चढला, फडताळावर नक्षी उमटली.

कासारीण आली ती दारातच थांबली. तिचे डोळे भरून आले. "किती केलंत हो माझ्यासाठी!" कासाराला आभाळ ठेंगणं झालं.

महिना गेला. एके दिवशी बाजार लवकर मोडला आणि कासार भर दुपारी घरी आला. पाहतो तर परसात धूर. शेवग्याखाली तीन दगड मांडून कासारीण भाकऱ्या थापत होती, उन्हाने तोंड लालबुंद झालेलं. आत डोकावला, तर नवी चूल कोरी करकरीत.

त्याचं डोकंच फिरलं. "एवढं बांधून दिलं आणि तू उन्हात बसतेस? आवडलं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतंस!"

ती उठायला गेली. शेवग्याचं खोड दोन्ही हातांनी धरलं, दात आवळले आणि कशीबशी उभी राहिली. कासाराचा राग जागच्या जागी विरला.

"कधीपासून गं?"

"झाली चार-पाच वर्षं. आत मेढ होती ना, तिला धरून उठायचे. ती गेली आणि पहिल्याच दिवशी चूल पेटवायला बसले ते उठताच येईना. शेजारीण ताक मागायला आली म्हणून सुटले." मग हळूच म्हणाली, "तुम्ही इतक्या हौसेने केलंत. तुमचं मन कसं मोडू?"

कासाराला भडभडून आलं. परक्या बायकांच्या हातांची मापं त्याला तोंडपाठ होती, आणि घरातले गुडघे दुखतात याचा पत्ता नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. तसाच तो म्हाताऱ्या गवंड्याकडे गेला आणि झालं ते सगळं सांगून मोकळा झाला.

म्हाताऱ्याने एका शब्दाने टोचलं नाही. एवढंच विचारलं, "आज भाजी काय आहे?"

तो आला, परसात शेवग्याखाली बसून दोन वेळा जेवला. कासारही त्याच्याशेजारी बसून पाहत होता. खोड धरून कासारीण मिठासाठी उठली, पाण्यासाठी उठली, लोणच्यासाठी उठली. एका जेवणात अकरा वेळा! चौथ्या खेपेपासून कासार बोटांवर मोजत होता.

"वहिनी, आता तुम्ही सांगा, काय हवं?" गवंड्याने विचारलं.

"तुम्हाला बरं दिसेल ते करा."

म्हातारा हाताची घडी घालून बसून राहिला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "उभ्याने भाकरी करता येईल का हो?"

त्या काळी उभ्याने कुणी रांधत नसे. पण गवंड्याने कंबरेइतका ओटा बांधला, वर चूल घातली, मीठ-पाणी हाताशी ठेवलं. गाव आधी हसलं, मग एकेक बाई गुपचूप ओटा बघून गेली.

पहिल्या दिवशी कासार ओट्याजवळच बसला होता. भाकरी उलटता उलटता ती म्हणाली, "अहो, आता विचारायचंच ठरलंय तर मीही विचारते. तीस वर्षं दर बाजारच्या दिवशी तुमच्यासाठी कारल्याची भाजी करते. खरंच आवडते ना तुम्हाला?"

कासार खाली बघत म्हणाला, "नाही गं. पण तू इतक्या मायेने वाढायचीस..."

ती हसत सुटली. कासारही हसायला लागला. दोघं इतकी हसली, की तव्यावरची भाकरी करपून गेली.

म्हणून सांगतो: जीव ओतून द्यावं खरं, पण आधी विचारून द्यावं.